बायकांनी पडायची जागा

दिवसाढवळ्या आडवं होण्याचा हक्क माणसाला तीन कारणांनी मिळतो: आजार, बाळंतपण आणि पुरुष असणं. पैकी पहिली दोन कारणं तात्पुरती असतात. आपली भाषाही या बाबतीत काटेकोर आहे. पुरुष जेवण झाल्यावर 'जरा पडतो'. बाईला नुसतं पडता येत नाही, तिला आजारी पडावं लागतं. (पाय घसरून पडण्याची मुभा मात्र दोघांनाही सारखीच आहे. समतेच्या क्षेत्रात इतपत प्रगती झालेली आहे.)

हे सत्य जिंतूरच्या दैवशालाला एका खाजगी दवाखान्यातल्या नऊ वर्षांच्या नोकरीत उमगलं. तिचं माहेर वालूरचं. नवरा भागवत, त्याचं बस स्टँडजवळ पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं दुकान. दवाखान्यात दैवशाला सुरुवातीला पेशंटला नंबर द्यायची, पुढे सलाईनच्या खोलीवर देखरेख करू लागली. त्या खोलीत दोन खाटा होत्या आणि एक पंखा होता, आणि जिल्ह्याचं अर्धं आरोग्य त्या पंख्याखाली घडत होतं.

पुरुषाला सलाईन लावलं की तो दर दोन मिनिटांनी बाटलीकडे बघतो आणि "किती ऱ्हायलं?" म्हणून विचारतो. बाया तसं करत नाहीत. बाई आधी दाराकडे बघते, सोबतचं माणूस बाहेर गेलंय याची खात्री करते आणि हळूच म्हणते, "बाई, जरा हळू सोडा. घाई न्हाई."

दैवशालाने याची मोजदाद ठेवली. शंभर बायांपैकी त्र्याऐंशी जणींनी सलाईन हळू सोडायला सांगितलं. चौदा जणी सांगायच्या आधीच झोपी गेल्या. उरलेल्या तिघींच्या सोबत सासू होती. यावरून औषध बाटलीत नसून खाटेत आहे, असा निष्कर्ष तिने काढला. वैद्यकशास्त्राला हा शोध याआधी का लागला नाही, याचं कारण उघड आहे. ते शास्त्र लिहिणारे दुपारी झोपत असत आणि चहा झाला की उठत असत.

त्याच सुमाराला परभणीत महिलांच्या नवउद्योगांना प्रोत्साहन देणारा एक मेळावा भरला. दैवशालाने रजा टाकली आणि कल्पना मांडायला गेली. समोर पाच परीक्षक होते. चार पुरुष होते आणि पाचवेही तेच होते. तिच्याआधी एकीने गूळपोळीचं दुकान मांडलं, दुसरीने केसाचं तेल. दैवशाला म्हणाली की एक खोली घ्यायची, सहा खाटा टाकायच्या, पंखा लावायचा आणि दाराला आतून कडी बसवायची.

"यात महिला नेमकं काय करतील?" एका परीक्षकांनी विचारलं.

"पडतील."

"आणि मग?"

"मग उठतील."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. महिला-कल्याणाच्या क्षेत्रात इतकी बेजबाबदार योजना त्यांच्यासमोर प्रथमच आली होती. तरीही तिला नकार मिळाला नाही, मार्गदर्शक मिळाला. (नकारापेक्षा हे जास्त दिवस चालतं.)

मार्गदर्शकाचं नाव महारुद्र सर. माणूस मूळचा इथलाच, पण बोलणं पुण्याला धुऊन आणलेलं. त्यांनी आजवर दोनशे बारा उद्योगांचे आराखडे तयार करून दिले होते आणि सगळे आराखडे रंगीत होते. त्यांपैकी दोन उद्योग अजून फोन उचलायचे. सरांनी दैवशालाची कल्पना डोळे मिटून ऐकली आणि ती सुधारून दिली. नुसतं पडण्यात मनुष्यबळ वाया जातं, तेव्हा बायांनी पडल्या पडल्या वाती वळाव्यात. हात गुंतलेले असतील तर कानात शेळीपालनाची माहिती सोडावी. शिवाय एक ॲप काढावं, म्हणजे बाई किती मिनिटं पडली होती ते नवऱ्याच्या फोनवर वेळोवेळी कळत राहील.

"पण सर, ते कळू नये म्हणूनच तर कडी लावायची हाय," दैवशाला म्हणाली.

सर म्हणाले, "धंदा वाढायला स्केल लागतं. कडीत स्केल नाही."

परभणीहून जिंतूरला येताना एसटीत बसायला जागा नव्हती. विश्रांतीच्या उद्योगाचा रंगीत आराखडा छातीशी धरून दैवशाला सगळी वाट उभी राहून आली. कंबर अशी भरून आली की घरी आल्यावर तिला वाकून चप्पल काढता येईना. ती तशीच चप्पल घालून स्वयंपाकाला लागली. त्या दिवशीच्या भाकरी जाड झाल्या, असं भागवतला आठवतं. नोकरी सोडायचं तिने त्या भाकरी थापतानाच ठरवलं होतं, हे त्याला दोन दिवसांनी कळलं.

दुकानाच्या वर एक खोली होती. तिथे भागवतच्या मोडक्या मोटारी पडून असायच्या. (मोटारींना पडून राहायला कोणतंही कारण द्यावं लागत नाही.) दैवशालाने ती मागितली.

"कोण येणार न्हाई," भागवत म्हणाला. "झोपायला घर हाय की सगळ्यांना."

"घर हाय, म्हणूनच येतील."

सहा खाटा आल्या. दोन पंखे लागले, आतून कडी बसली आणि बाहेर पाटी लागली: 'पाठ टेका. फक्त महिलांसाठी.' वीस रुपयांत पाऊण तास. पहिल्या आठवड्यात अकरा बाया आल्या आणि खोली सात वेळा झाडून निघाली.

याची सुरुवात मनकर्णाबाईने केली. बाजाराला आलेली, पन्नाशीची, घरी मेंढरं, दोन सुना आणि लाइनमन म्हणून निवृत्त झालेला नवरा बन्सीधर. ती खाटेवर पडली, चार मिनिटं छताकडे बघत राहिली आणि उठून खाटेखालचा केर काढू लागली. मग तिने खिडकीचे गज पुसले. दुसरीने उशांचे अभ्रे धुऊन टाकले. तिसरी पंख्याची पाती पुसायला खाटेवर चढली, आणि खाटेचा एवढाच उपयोग तिने केला. जाताना सगळ्यांनी पैसे दिले आणि लय बरं वाटलं म्हणून सांगितलं.

मनकर्णाबाई दुसऱ्यांदा आली तेव्हा दैवशालाने तिला समोर बसवलं आणि झोप का येत नाही म्हणून विचारलं.

"झोप येती हो. पण घरी जाऊन सांगू काय? नुसती झोपले म्हणून?" मनकर्णाबाई म्हणाली. "तुमी एखादं रोगाचं नाव द्या. लहान असला तरी चालंल."

दैवशालाला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खोटं न बोलता नाव कसं द्यायचं हे नऊ वर्षं दवाखान्यात काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. शाळेच्या गणिताच्या पुस्तकात तिला 'क्षैतिज' हा शब्द सापडला. अर्थ: आडवं. पाटी बदलली: 'क्षैतिज चिकित्सा केंद्र'. रंगाऱ्याने 'क्षैतीज' असं चुकीचं लिहिलं, त्यामुळे ते अधिकच वैद्यकीय दिसू लागलं. सोबत घरी दाखवायला छापील चिठ्ठी: 'सदर महिलेस पंचेचाळीस मिनिटे क्षैतिज अवस्थेत ठेवण्यात आले. असे वारंवार करणे आवश्यक आहे.' या चिठ्ठीतला शब्द न् शब्द खरा होता. जिल्ह्यात अशी दुसरी चिठ्ठी त्या वर्षी कुणी दिल्याची नोंद नाही.

तरी बाया उठून झाडू मारायच्याच. तेव्हा भागवतच्या दुकानातला एक जळालेला स्टॅबिलायझर वर आला. त्यातलं बाकी सगळं गेलेलं होतं. फक्त तांबडा आणि हिरवा दिवा लागायचा आणि ते खोकं आपलं गुणगुणत राहायचं. त्यातून सहा वायरी काढल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधला. चिमटा पायाच्या अंगठ्याला लावायचा. चिमटा लागलेला असताना उठायचं नाही, असा नियम केला. वायरींची दुसरी टोकं खोक्याच्या मागून जाऊन खिडकीच्या गजाला बांधलेली होती. सहाव्या खाटेवरून ती गाठ स्पष्ट दिसायची. त्या गाठीबद्दल आजवर एकाही बाईने अवाक्षर काढलं नाही, आणि सहाव्या खाटेला कधी रिकामपण आलं नाही.

मनकर्णाबाई चिमटा लावून पहिल्यांदा झोपली, ती घोरली. उठल्यावर तोंडावर पदर ओढून म्हणाली, "यंत्र लय भारी हाय."

चार महिन्यांत गाड्या यायला लागल्या. गावोगावचे नवरे मोटारसायकलीवर बायको घेऊन येत, तिला वर पाठवत आणि खाली भागवतच्या दुकानासमोर तंबाखू मळत बसत. गुण येतो याबद्दल त्यांच्यात एकमत होतं. एकाने सांगितलं, "आधी भांडी आपटायची, आता ठेवायलीय." दुसऱ्याने यंत्र घरी नेता येईल का, अशी चौकशी केली. दैवशालाने सांगितलं की येईल, पण घरी तीन गोष्टी पाळाव्या लागतील: दाराला आतून कडी, पाऊण तास हाक मारायची नाही आणि चार वाजताचा चहा दुसऱ्या कुणीतरी करायचा. त्या गृहस्थाने बराच विचार केला. मग म्हणाला, "न्हाई, इथंच आणत जाईन. यंत्राची हयगय व्हायला नको."

असं सगळं सुरळीत चाललं असताना बन्सीधरने मीटर बघितलं.

बन्सीधर वाईट माणूस नव्हता. पण बत्तीस वर्षं खांबावर काढलेल्या माणसाला वायर दिसली की ती कुठे जाते हे कळल्याशिवाय घास उतरत नाही. मनकर्णाला न्यायला आला असता जिन्याखालच्या मीटरकडे त्याची नजर गेली. वर सहा बायांवर उपचार चालले होते आणि मीटरवर दोन पंख्यांचा आणि दोन बारक्या दिव्यांचा भार. त्याने बोटांवर हिशेब केला. तो तिथेच दहा मिनिटं उभा राहिला. घरी गेल्यावर तो मनकर्णाला म्हणाला, "त्या यंत्रात करंटच न्हाई."

"मला फरक पडलाय," मनकर्णा म्हणाली.

"करंटच न्हाई तर फरक कशाचा?"

याचं उत्तर मनकर्णाकडे होतं, पण ते पस्तीस वर्षांचं होतं आणि चुलीवर कालवण होतं. ती कालवण ढवळू लागली. बन्सीधरने अर्ज लिहिला: 'यंत्र वीज घेत नाही, सबब इलाज खोटा आहे.' तो अर्ज एका कार्यालयात गेला. (कार्यालयाचं नाव देत नाही. उत्तराच्या पत्रावर शिक्काही नीट उमटलेला नव्हता.) चार सदस्यांची समिती नेमली गेली, अध्यक्ष दिनकरराव. नियमाप्रमाणे चौथी सदस्य महिला असणं बंधनकारक होतं. त्या बाईंच्या घरी ऐनवेळी पाहुणे आल्याने त्यांना येता आलं नाही. त्यांची सही आधीच घेऊन ठेवण्यात आली होती.

समिती येणार त्या दिवशी दैवशाला पहाटे चारला उठली. पाणी भरलं, स्वयंपाक केला, डबे भरले, धुणं वाळत घातलं, वर जाऊन सहाही खाटांच्या चादरी बदलल्या. हे करता करता तिने ठरवलं की खरं काय ते सांगून टाकायचं. यंत्रात काही नाही, कधी नव्हतं. फार तर केंद्र बंद करतील. ठरल्यावर जरा हलकं वाटलं. भागवतला तिने काही सांगितलं नाही, कारण स्टॅबिलायझर त्याचा होता.

अकराला समिती जिना चढून आली. मागोमाग बन्सीधर टेस्टर घेऊन आणि साक्षीला मनकर्णा. दैवशालाने तोंड उघडलं, तेव्हा दिनकररावांनी हात वर केला. आधी प्रात्यक्षिक, मग जबाब, अशी पद्धत असल्याचं त्यांनी सांगितलं. पण प्रात्यक्षिक कुणावर करणार? तीन परक्या पुरुषांपुढे आडवी व्हायला कुणाची बायको येणार? शेवटी दिनकरराव म्हणाले की केंद्रचालिकेनेच पडून दाखवावं.

दैवशाला सहाव्या खाटेवर पडली. मनकर्णाने तिच्या अंगठ्याला चिमटा लावला, पायावरची साडी नीट केली आणि कपाळावरचे केस मागे सारले. दुसऱ्या कुणीतरी आपलं काहीतरी करतंय ही गोष्ट दैवशालाला इतकी अनोळखी होती की तिला कसंसंच झालं. चादर गार होती. आपणच बदललेली, पण पाठीला तिचा गारवा आजच कळला. दुपारच्या दळणाचं काय, असा एक विचार तिच्या मनात आला. मग तो विचारही बाजूला सरकला आणि ती झोपली.

एक मिनिट झालं असेल नसेल.

पाच मिनिटांनी समितीतल्या एकाने घसा खाकरला. दहा मिनिटांनी दिनकरराव म्हणाले, "उठवा त्यांना."

मनकर्णा जागची हलली नाही. "चिमटा लागलेला असताना उठवायचं न्हाई. नियम हाय."

समितीने नियम या शब्दापुढे मान तुकवली. तिघे खुर्च्यांवर बसून राहिले. पाऊण तास झाला. एक तास झाला. चहा कुणी आणेना, कारण ज्या दोन बाया खोलीत होत्या त्यांपैकी एक झोपलेली होती आणि दुसरी तिला राखत होती. दीड तासाने भागवतने कधी नव्हे तो खालून चहा करून आणला. साखर टाकायची राहिली होती. कपांची थाळी हातात धरून तो खाटेशी थबकला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्याने बायकोला उजेडात झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्याला आधी वाटलं, काहीतरी झालं. थाळी तशीच धरून तो खाली वाकला आणि तिचा श्वास चाललाय का ते बघत राहिला. चालला होता. तोंड किंचित उघडं होतं आणि गालावर उशीचा वळ उठला होता.

बन्सीधर हे बघत होता. मग त्याने वायरीकडे पाहिलं. ती खोक्यामागून कशी जाते, गजाला कुठे बांधली आहे, ते त्याला बसल्या जागेवरून दिसत होतं. त्याने मनकर्णाकडे पाहिलं. मनकर्णा त्याच्याकडेच बघत होती, आणि तिने नजर काढून घेतली नाही.

बन्सीधरने टेस्टर खिशात घातला. "मीटर वाचण्यात माझीच चूक झाली असंल," तो दिनकररावांना म्हणाला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याकडून मीटर वाचण्यात चूक झालेली नव्हती.

दोन तास दहा मिनिटांनी दैवशाला जागी झाली. आपण कुठे आहोत हे कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ती दचकून उठून बसली. ठरवल्याप्रमाणे म्हणाली, "साहेब, यंत्रात काही न्हाई."

"ते समिती ठरवेल," दिनकरराव म्हणाले आणि बिनसाखरेचा चहा संपवून उठले.

अहवाल सतरा पानांचा आला. उपचार 'अत्यंत प्रभावी' असल्याचं त्यात नमूद होतं. वायर गजाला बांधलेली असणे ही 'स्थानिक पातळीवरील अर्थिंगची अभिनव पद्धत' ठरली. दोष दोनच आढळले: केंद्राच्या व्यवस्थापनात एकही पुरुष नाही, आणि उपचाराच्या काळात महिला निष्क्रिय राहतात. हे दोष दूर करून त्याच खोलीत आदर्श केंद्र उभारायची शिफारस झाली. प्रकल्पप्रमुख म्हणून महारुद्र सर आले. ही कल्पना त्यांच्या मनात पूर्वीपासून होती, असं त्यांनी आपल्या भाषणात सांगितलं.

ते भाषण उद्घाटनाला झालं. बस स्टँडमागच्या मोकळ्या जागेत सहाही खाटा एकमेकींना जोडून, वर सतरंजी टाकून व्यासपीठ केलं होतं. रांगोळी लाभार्थी महिलांनी काढली, औक्षण लाभार्थी महिलांनी केलं, दीडशे माणसांची वरण-बट्टीही त्यांनीच केली. 'स्त्री आणि विश्रांती' या विषयावर अडीच तास भाषणं झाली. बाया मागे उभ्या राहून ऐकत होत्या. व्यासपीठावरच्या मान्यवरांपैकी तिघांना झोप लागली. खाटांची परिणामकारकता त्यामुळे सर्वांसमक्ष सिद्ध झाली.

आदर्श केंद्रातलं पंचेचाळीस मिनिटांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे. नोंदणी दहा मिनिटं, सामूहिक प्रार्थना पाच, विश्रांतीचं महत्त्व यावर मार्गदर्शन वीस, फोटो आणि अभिप्राय दहा. उरलेल्या वेळेत विश्रांती घ्यावी.

दैवशालाने पाटी, यंत्र, चिमटे आणि नाव, सगळं योजनेला देऊन टाकलं. हरकत घेतली नाही, याबद्दल तिचं कौतुकही झालं. पुढच्या आठवड्यात तिने मागच्या गल्लीत एक खोली घेतली. आठ खाटा टाकल्या. पाटी लावली नाही. आता बाया घरी 'केंद्राच्या प्रशिक्षणाला जाते' म्हणून सांगतात, आणि प्रशिक्षण म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही. केंद्रात येतात, सही करतात, जिना उतरून मागच्या गल्लीत जातात. हजेरी शंभर टक्के आहे. मराठवाड्यात इतकी हजेरी असलेलं दुसरं प्रशिक्षण नाही, असं महारुद्र सर सांगतात आणि ते खरं असावं.

केंद्रावर 'विश्रांती सखी' म्हणून राजनंदिनी नावाची मुलगी नेमली आहे. सव्वीस वर्षांची, समाजकार्याची पदवी घेतलेली, रोज सकाळी दोन बस बदलून येणारी. तीन आठवडे तिने रिकाम्या खुर्च्यांना विश्रांतीचं महत्त्व समजावून सांगितलं. चौथ्या आठवड्यात ती रजिस्टर हातात घेऊन बायांच्या मागावर गल्लीत आली. दारात उभी राहिली. आत सात बाया झोपलेल्या होत्या. दैवशालाने तिच्याकडे पाहिलं आणि आठव्या खाटेकडे बोट केलं.

"मला पाचला अहवाल पाठवायचाय," राजनंदिनी कुजबुजली.

"हजेरी किती भरली?"

"शंभर टक्के."

"मग झाला की अहवाल. दार लोट अन् पड."

राजनंदिनीने दार लोटलं.

ही हकीकत सलग वाचायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. बायांनी वाचली असेल तर ती चार-पाच तुकड्यांत वाचली असेल. मध्ये दूध उतू जातं, दारावर कुणीतरी येतं, कुणाचा तरी सदरा सापडत नाही. ज्या वाचकांनी ती एका बैठकीत, जागचं न हलता, इथपर्यंत वाचून काढली, त्यांच्या एकाग्रतेचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. त्यांनी आता एवढंच करावं: मान जरा वळवून आत स्वयंपाकघरात बघावं, कोण उभं आहे.